अविचलतेचे माध्यमांतर : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटरूपातील व्यक्तिचित्रण

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीच्या चित्रपटरूपाची चर्चा बहुधा 'निष्ठा' या एकाच कसोटीवर होते. मूळ कृतीतले किती आले आणि किती गळले याची यादी होते आणि त्या यादीवरून निर्णय दिला जातो. जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या 'नॉव्हेल्स इन्टू फिल्म' (१९५७) या ग्रंथापासून या कसोटीच्या मर्यादा अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिल्या आहेत. कादंबरी शब्दांतून जाणिवेपर्यंत पोचते, तर चित्रपट दृश्यातून. त्यामुळे एका माध्यमातली कृती दुसऱ्या माध्यमात जाताना बदलणार हे गृहीतच धरावे लागते. प्रश्न बदल झाला की नाही हा नसून, तो कशामुळे झाला आणि त्याने आशयाचे काय झाले, हा आहे.

व्यक्तिचित्रणाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो, आणि अद्भुतरम्य साहित्याच्या बाबतीत तर अधिकच. वास्तववादी कादंबरीतली पात्रे व चित्रपटातली पात्रे यांच्यामागे मानवी स्वभावाविषयीची समान गृहीतके बहुधा असतात. अद्भुतरम्य साहित्याचे तसे नाही. त्यातील पात्रे महाकाव्य, लोककथा आणि दंतकथा यांच्या परंपरेतून येतात. ती व्यक्ती असतात आणि त्याच वेळी एखाद्या मूल्याची किंवा शक्तीची मूर्त रूपेही असतात. अशा पात्रांना आधुनिक पटकथेच्या साच्यात बसवताना नेमके काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीच्या आणि पीटर जॅक्सन यांनी तिच्यावरून केलेल्या तीन चित्रपटांच्या (२००१, २००२, २००३) आधारे केला आहे. चर्चेच्या केंद्रस्थानी फारामिर ही व्यक्तिरेखा आहे. तुलनेसाठी आरागॉर्न, बोरोमिर व गॉलम यांचा विचार केला आहे.

२. अद्भुतरम्य साहित्यातील पात्र

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये 'अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या ग्रंथात सपाट आणि गोलाकार पात्रे असा जो भेद केला, तो मराठी समीक्षेतही चांगलाच रुजला. फॉर्स्टर यांनी सपाट पात्रांचेही उपयोग मोकळेपणाने सांगितले होते, पण रूढ वापरात या भेदाला मूल्यनिर्णयाचे स्वरूप आले. बदलणारे पात्र श्रेष्ठ आणि न बदलणारे कनिष्ठ, असे जणू सूत्रच ठरून गेले. मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनाने या सूत्राला आणखी बळ दिले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीपासून सुरू झालेल्या अद्भुतरम्य प्रवाहातील सद्गुणी नायक-नायिका आणि दुष्ट कारस्थानी खलपुरुष यांची चिकित्सा का. बा. मराठे यांच्या १८७२ च्या 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' या लेखनापासून होत आली. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वास्तव व्यक्तिचित्रणाचा मानदंड उभा केला आणि त्यापूर्वीची पात्रे प्राथमिक अवस्थेतली ठरली. 'मुक्तामाले'तील पात्रांपुरता तो निर्णय योग्य असेलही. मात्र त्यातून 'अविचल पात्र म्हणजे अपुरे पात्र' असा सर्वसाधारण सिद्धान्त काढता येत नाही.

नॉर्थ्रप फ्राय यांनी 'अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) या ग्रंथात कादंबरी आणि रोमान्स हे दोन वेगळे कथनप्रकार मानले आणि त्यांतील मूलभूत फरक व्यक्तिचित्रणाच्या संकल्पनेत असल्याचे दाखवले. रोमान्समधील पात्रे रेखीव, शैलीबद्ध असतात. मनाच्या खोल थरांतील आदिबंधांकडे त्यांचा विस्तार होतो. एका प्रकाराचे निकष दुसऱ्याला लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

भारतीय नाट्यशास्त्रात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर सापडते. भरताने सांगितलेले आणि धनंजयाने 'दशरूपका'त सविस्तर विवेचिलेले नायकाचे चार प्रकार धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे आहेत. चारही नावांत 'धीर' हे पद समान आहे. स्वभाव कसाही असो, नायकाच्या ठायी एक स्थैर्य असते असे ही परंपरा मानते. हे स्थैर्य म्हणजे मोहाचा अभाव नव्हे. मोहाचे कारण समोर उभे असताना जे टिकते, तेच धैर्य. असा नायक कथेत बदलत नाही, कसोटीला लागतो. प्रेक्षकाची उत्कंठा 'हा काय ठरवील?' या प्रश्नाइतकीच 'हे टिकवण्यासाठी याला काय मोजावे लागेल?' या प्रश्नातून निर्माण होते. या भेदाचा उपयोग पुढील विवेचनात होईल.

३. कादंबरीतील फारामिर

टोल्किन यांच्या कादंबरीचा कथाभाग थोडक्यात असा : सर्वसत्तेची आस असलेल्या सॉरॉनने घडवलेली मुद्रिका फ्रोडो या छोट्याशा हॉबिटच्या हाती येते. ती वापरून शत्रूला जिंकण्याचा मोह सर्वांना होतो, पण जो वापरील तो स्वतःच शत्रूसारखा होईल. म्हणून ती जिथे घडली त्या अग्निपर्वतात नष्ट करायची, असे ठरते. ती धारण करणाऱ्याला आणि जवळ असणाऱ्यालाही ती हळूहळू ग्रासते. गॉन्डॉरच्या कारभाऱ्याचा थोरला मुलगा बोरोमिर याच मोहाला बळी पडतो. फारामिर हा त्याचा धाकटा भाऊ.

दुसऱ्या खंडात इथिलिएनच्या रानात फ्रोडो व त्याचा सोबती सॅम फारामिरच्या हाती लागतात. परवानगीवाचून त्या प्रदेशात फिरणाऱ्यास ठार करण्याची आज्ञा फारामिरला आहे. तो आधी आपल्या सैनिकांसमक्ष फ्रोडोची उलटतपासणी घेतो आणि मग एकांतात बोलतो. बोरोमिरच्या मृत्यूचा संबंध कुठल्यातरी घातक वस्तूशी आहे हे त्याच्या लक्षात येते. ती वस्तू काय आहे हे कळण्यापूर्वीच तो सांगतो की, ती वाटेवर पडलेली दिसली तरी आपण ती उचलणार नाही. नंतर धबधब्यामागील गुहेत, जेवणानंतरच्या सैलावलेल्या घटकेला, सॅमच्या तोंडून मुद्रिकेचे नाव निसटते.

या क्षणाची मांडणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. फारामिर उभा राहतो. त्याच्या बोलण्यात उपरोध येतो, डोळ्यांत चमक दिसते. दोघे हॉबिट भिंतीशी पाठ लावून तलवारींच्या मुठी चाचपू लागतात. गुहेतील सैनिकांची बोलणी थांबतात. मग फारामिर पुन्हा खाली बसतो, शांतपणे हसतो, आणि एकदम गंभीर होतो. वस्तू ठाऊक नसताना उच्चारलेला शब्दही तो प्रतिज्ञाच मानतो आणि त्या प्रतिज्ञेला बांधील राहतो.

उठणे आणि बसणे या दोन क्रियांमध्ये सगळा संघर्ष सामावला आहे. निवेदक फारामिरच्या मनात शिरत नाही. आपण त्याला भेदरलेल्या हॉबिटांच्या नजरेने, बाहेरूनच पाहतो. म्हणजे फारामिरला मोह होतच नाही, असे कादंबरी म्हणत नाही. तिने तो क्षण दाखवला आहे, लांबवलेला मात्र नाही. शिवाय त्या मोहाचे निराकरण या क्षणी होतच नाही. ते आयुष्यभराच्या संस्कारांत आधीच होऊन गेले आहे. फारामिर गॅन्डाल्फचा शिष्य आहे. त्याला प्राचीन विद्येची ओढ आहे. तो शूर आहे, पण शौर्यासाठी शौर्य त्याला प्रिय नाही. ज्याचे रक्षण शस्त्र करते त्यावर त्याचे प्रेम आहे.

या निर्णयाची किंमत त्याला पुढे मोजावी लागते. तिसऱ्या खंडात पिता डेनेथॉर त्याला दूषणे देतो. दोघा भावांच्या जागा उलट असत्या तर बरे, असे तो मुलाच्या तोंडावर सुचवतो. फारामिर पित्याच्या आज्ञेनुसार जवळजवळ निश्चित मृत्यूकडे जातो आणि जबर जखमी होऊन परततो. धीरोदात्त नायकाच्या कथेची ही ओळखीची रचना आहे. निर्णय झटपट होतो, त्याचे मोल दीर्घकाळ चुकवावे लागते.

हे पात्र आपण योजून निर्माण केले नाही, ते इथिलिएनच्या रानातून आपणहून चालत आले, असे टोल्किन यांनी मे १९४४ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. पुढे १९५६ च्या एका पत्राच्या मसुद्यात, आपल्या पात्रांपैकी कोणी आपल्यासारखे असेल तर तो फारामिर, मात्र त्याचे धैर्य आपल्यात नाही, अशा आशयाची कबुलीही आहे. पात्राचे मोल ठरवण्यासाठी लेखकाचे मत निर्णायक नसते हे खरे, परंतु फारामिरची अविचलता ही लेखनातली उणीव नसून निवड होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

४. पडद्यावरील फारामिर

२००२ च्या 'द टू टॉवर्स' या चित्रपटात ही रचना उलटते. मुद्रिका फ्रोडोजवळ आहे हे कळताच ती गॉन्डॉरला न्यायची असे फारामिर ठरवतो आणि दोघा बंद्यांना घेऊन उद्ध्वस्त ऑस्गिलिअथ नगरीकडे निघतो. तिथे शत्रूचा हल्ला चालू असताना पंखी श्वापदावर बसलेला नाझगूल आकाशातून उतरतो. मुद्रिकेच्या अमलाखाली गेलेला फ्रोडो त्याच्या समोर जाऊन उभा राहतो. सॅम त्याला मागे खेचतो आणि चांगुलपणासाठी झगडण्यात अर्थ आहे अशा आशयाचे भाषण करतो. ते ऐकून फारामिरचे मन पालटते आणि, यासाठी आपल्याला देहदंड होऊ शकतो हे माहीत असूनही, तो दोघांना सोडून देतो.

पटकथाकार फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयेन्स आणि जॅक्सन यांनी या बदलाची दोन कारणे सांगितली आहेत. पहिले असे की, मुद्रिकेची भीती दोन चित्रपटांतून क्रमाने वाढवत आणल्यावर एखाद्याने ती सहज नाकारली, तर तो सारा दबाव ओसरला असता. दुसरे कारण रचनेचे आहे. कादंबरीचा दुसरा खंड शेलॉब या महाकाय कोळिणीच्या प्रसंगाने संपतो. चित्रपटात तो प्रसंग तिसऱ्या भागात गेला. त्यामुळे फ्रोडो-सॅम यांच्या कथासूत्राला दुसऱ्या चित्रपटात उत्कर्षबिंदूच उरला नाही. तो ऑस्गिलिअथच्या प्रसंगाने पुरवला गेला.

दोन्ही कारणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. छापील पानावर मुद्रिकेची शक्ती निवेदकाच्या सूचक शब्दांतून टिकून राहते. पडद्यावर ती सतत कोणावर तरी परिणाम करताना दिसावी लागते. तरीही पहिल्या कारणाची तपासणी चित्रपटांच्याच पुराव्यावर केली, तर ते अपुरे पडते. चित्रपटांत मुद्रिका नाकारणारा फारामिर पहिलाच ठरला असता असे नाही. गॅन्डाल्फ ती नाकारतो. त्याच्या चेहऱ्यावरच्या भीतीतून तिची शक्ती वाढलेलीच जाणवते. गालाद्रिएल नाकारते. तिचे क्षणभराचे भयंकर रूप पाहून प्रेक्षक हादरतो. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस तर कादंबरीत नसलेला एक नकार पटकथाकारांनी स्वतःहून घातला आहे. फ्रोडो आरागॉर्नपुढे उघडा तळहात धरतो. आरागॉर्न जवळ येतो, गुडघे टेकतो आणि फ्रोडोची मूठ आपल्या हाताने मिटवतो. या नकाराने मुद्रिकेचा दबाव कमी होत नाही. उलट तो पहिल्या चित्रपटातील सर्वांत तणावपूर्ण क्षणांपैकी एक आहे. तो घडतो उघडा हात, जवळ येणारी पावले आणि मिटणारी मूठ यांतून. गुहेतील फारामिरचे उठणे आणि बसणे हे नेमके याच जातीचे दृश्यद्रव्य आहे. ते पडद्यावर दाखवता येत नाही, असे म्हणण्यास म्हणूनच आधार राहत नाही.

तेव्हा खरे कारण दुसरे, म्हणजे रचनेचे, ठरते. फारामिर बदलला तो चित्रपटाच्या माध्यमामुळे नव्हे, तर त्या विशिष्ट चित्रपटाच्या शेवटाला एका संकटाची गरज होती म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारचा बदल माध्यमाचा अपरिहार्य परिणाम असतो आणि दुसरा कथानकाच्या नियोजनाचा. समीक्षेत या दोहोंची सरमिसळ वारंवार होते आणि 'पडद्यावर असेच करावे लागते' या विधानाखाली दोन्ही खपून जातात.

बदलाचा परिणाम केवळ फारामिरपुरता मर्यादित राहत नाही. त्याच्या मनःपरिवर्तनाचे कारणही दुबळे झाले आहे. ज्याने फ्रोडोला मुद्रिका घेऊन शत्रूपुढे उभे राहताना नुकतेच पाहिले, त्याने ती त्याच्याच हवाली करून पुढे जाऊ द्यावी, यामागील तर्क चित्रपट देत नाही. सॅमच्या भाषणातील भावना तर्काची जागा घेते. शिवाय मुद्रिका मॉर्डॉरकडे निघाली आहे हे शत्रूला कळू नये, यावर सारी मोहीम आधारलेली आहे. शत्रूच्या सेवकासमोर मुद्रिकाधारी प्रकट झाल्यावर ते गुपित टिकावे कसे, हाही प्रश्न अनुत्तरित राहतो.

या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत दोन प्रसंग अधिक आहेत आणि दोन्ही या चर्चेला उद्बोधक आहेत. एका पूर्वप्रसंगात डेनेथॉर थोरल्या मुलाचे कौतुक आणि धाकट्याची अवहेलना करताना दिसतो. फारामिरच्या वर्तनाला त्यातून मानसशास्त्रीय कारण मिळते. पित्याच्या नजरेत भरावे म्हणून त्याला मुद्रिका हवी आहे. कादंबरीतील फारामिर एका गुणाने ओळखला जातो, चित्रपटातील एका कारणाने. दुसऱ्या प्रसंगात शत्रुपक्षाच्या एका मृत सैनिकाजवळ उभा राहून फारामिर विचार करतो की हा खरोखर दुष्ट होता, की खोटे सांगून किंवा धाक घालून याला घरापासून इतक्या दूर आणले गेले. कादंबरीत हा विचार सॅमच्या मनात येतो. मनातले निवेदन पडद्यावर आणण्यासाठी ते बोलणारा कोणीतरी हवा होता. तो फारामिर निवडला गेला आणि त्या निवडीने मूळ फारामिरची करुणाबुद्धी आडवाटेने परत आली. मूळ पात्राचा कणा पटकथाकारांनाही पूर्णपणे सोडवत नव्हता, असे यावरून म्हणता येईल.

५. बदलाचे सूत्र : आरागॉर्न

फारामिरमधील बदल सुटा नाही. आरागॉर्नच्या चित्रणातही तेच सूत्र दिसते. कादंबरीतील आरागॉर्न आपल्या राज्याधिकाराविषयी साशंक नाही. तुटलेली तलवार तो जवळ बाळगतो, रिव्हेन्डेलच्या सभेत ती सर्वांपुढे ठेवतो, आणि मोहीम निघण्यापूर्वीच ती पुन्हा घडवली जाते. त्याला संशय येतो तो स्वतःच्या निर्णयांचा. गॅन्डाल्फनंतर नेतृत्व अंगावर पडल्यावर आपली प्रत्येक निवड चुकली, या जाणिवेने तो व्यथित होतो. अधिकार निश्चित आहे, पण तो सिद्ध करण्याचा मार्ग खडतर आहे.

चित्रपटातील आरागॉर्न राज्यापासून दूर पळालेला आहे. मुद्रिकेच्या मोहाला बळी पडलेल्या पूर्वजाचे रक्त आपल्याही अंगात आहे, या भयाने तो वारसा नाकारत राहतो. तलवारीचे तुकडे रिव्हेन्डेलमध्ये प्रदर्शनीय वस्तूसारखे पडून आहेत. ती घडवली जाते थेट तिसऱ्या चित्रपटात, आणि एल्रॉन्ड ती घेऊन येतो तेव्हाच आरागॉर्न आपली ओळख स्वीकारतो. एका वस्तूच्या स्थानांतराने व्यक्तिरेखेची सारी दिशा बदलली आहे. वारसा सिद्ध करणाऱ्या राजाच्या जागी वारसा स्वीकारायला शिकणारा माणूस आला.

हा बदल फारामिरइतका बोचत नाही, कारण तो तीन चित्रपटांवर सावकाश पसरलेला आहे आणि त्याला स्वतःची सुसंगती आहे. परंतु दोन्ही एकत्र पाहिले की त्यांमागील गृहीतक स्पष्ट होते : प्रेक्षक ज्याच्याशी समरस होईल असे पात्र कथेच्या आरंभी अपुरे हवे, आणि कथेच्या ओघात त्याने ते अपुरेपण ओलांडायला हवे. आधुनिक पटकथाशास्त्राने रूढ केलेला हा नियम आहे. अद्भुतरम्य साहित्यातील पात्राचा हा स्वभावधर्म नाही.

६. माध्यमाचे सामर्थ्य : बोरोमिर आणि गॉलम

चित्रपटांनी केवळ गमावले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोरोमिरच्या चित्रणात चित्रपट कादंबरीच्या पुढे जातो असेही म्हणता येईल. कादंबरीतील बोरोमिर बव्हंशी दुरून दिसतो. त्याचा शेवटचा संग्राम प्रत्यक्ष वर्णिलेला नाही. आरागॉर्न पोचतो तेव्हा तो बाणांनी विद्ध होऊन झाडाला टेकलेला आहे. चित्रपटात तो दोघा तरुण हॉबिटांना तलवार शिकवतो, त्यांच्याबरोबर हसत-खेळत लोळतो. बर्फाळ डोंगरावर साखळीतली मुद्रिका उचलून ती हरवल्यासारखा पाहत राहतो. आपल्या नगरीविषयी आरागॉर्नशी व्याकूळ होऊन बोलतो. एकामागून एक बाण लागत असतानाही तो लढत राहतो तो दीर्घ प्रसंग, आणि मृत्यूच्या क्षणी आरागॉर्नला राजा म्हणून दिलेली मान्यता, यांनी या पात्राला करुणरसाची उंची दिली आहे. ढासळणाऱ्या माणसाचे चित्रण या पटकथाकारांना उत्तम साधते. अडचण येते ती न ढासळणाऱ्याच्या वेळी.

गॉलमच्या बाबतीत लाभ आणि हानी दोन्ही आहेत. त्याच्या दुभंगलेल्या मनातील वाद कादंबरीत अर्धवट जागा असलेला सॅम ऐकतो. चित्रपटात कॅमेऱ्याची दिशा आलटून-पालटून एकाच चेहऱ्याची दोन माणसे केली आहेत. अँडी सर्किस यांचा अभिनय आणि संगणकीय प्रतिमा यांच्या संयोगातून साकारलेला हा प्रसंग माध्यमांतराचा आदर्श नमुना मानावा लागेल. त्यात आशय तोच राहिला आहे आणि त्याला दृश्याची स्वतःची भाषा मिळाली आहे.

याच गॉलमचा दुसरा एक क्षण मात्र चित्रपटातून नाहीसा झाला. मॉर्डॉरच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपले आहेत. विश्वासघाताची तयारी करून परतलेला गॉलम त्यांना तसे पाहतो. त्याच्या डोळ्यांतील हिरवट चमक मावळते. तो थरथरता हात हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. त्या क्षणी कोणी पाहिले असते, तर काळाने खंगलेला एक थकलेला म्हातारा हॉबिटच दिसला असता. इतक्यात सॅम जागा होतो, त्याला खेकसून बोलतो, आणि तो क्षण निघून जातो. टोल्किन यांनी १९६३ च्या एका पत्रात कथेतील सर्वांत शोकात्म क्षण म्हणून याचाच निर्देश केला आहे. चित्रपटात या जागी गॉलम शिधा फेकून देऊन सॅमवर आळ आणतो, आणि फ्रोडो सॅमला घरी परत पाठवतो.

येथे एक विसंगती लक्षात येते. ज्या पटकथेने फारामिरमध्ये मनःपरिवर्तन नव्याने घातले, तिनेच गॉलमचे मूळ कादंबरीतील होऊ घातलेले मनःपरिवर्तन वगळले. पहिल्यामुळे कथानक पुढे सरकते. दुसऱ्यामुळे काहीच घडत नाही, घडू शकले असते असे काहीतरी हुकते. म्हणजे पटकथेला मनाची चलबिचल ही चलबिचल म्हणून मोलाची वाटत नव्हती, घटना निर्माण करणारे साधन म्हणून वाटत होती. व्यक्तिचित्रण घटनेच्या सेवेला लावले गेले.

७. अविचल नायक आणि पडदा : एक मराठी दाखला

न बदलणारा सज्जन पडद्यावर रंगत नाही, हे मत खरे असते तर मराठी चित्रपटाचा आरंभकाळ समजावून सांगणे कठीण झाले असते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आणि प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) या दोन्ही चित्रपटांचा नायक सत्यापासून ढळत नाही, हाच त्या कथेचा विषय आहे. राज्य, पत्नी, पुत्र आणि स्वत्व यांवर क्रमाक्रमाने पाणी सोडताना हरिश्चंद्र बदलत नाही. त्याच्या न बदलण्याची किंमत वाढत जाते आणि प्रेक्षकाचे काळीज त्या किमतीने पिळवटते.

विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) याहून सूक्ष्म उदाहरण आहे. विष्णुपंत पागनीस यांनी उभा केलेला तुकाराम आरंभापासून अखेरपर्यंत निश्चल आहे. चित्रपट तरीही क्षणभर निर्जीव होत नाही, कारण संघर्षाचे ओझे जिजाईवर आहे. रिकामे घर, भुकेली मुले आणि देवाच्या नादी लागलेला नवरा यांच्या कात्रीत सापडलेली, देवाशीही भांडायला न कचरणारी जिजाई प्रेक्षकाच्या व्यावहारिक शंकांना वाचा फोडते. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकाराम नाकारतो तेव्हा त्या नकाराचा ताण त्याच्या मुद्रेवर दिसत नाही, तो जिजाईच्या घालमेलीत दिसतो. स्थिर पात्राभोवती अस्थिर पात्रांची योजना करून स्थैर्यच नाट्यमय करण्याची ही पद्धती आहे.

हीच पद्धती टोल्किन यांच्या कादंबरीतही आहे. गुहेतील प्रसंगात ताण फारामिरवर नसून भिंतीशी सरकलेल्या फ्रोडो-सॅमवर आहे. किंमत वसूल होते ती पुढे, पित्याच्या दरबारात. विशेष असे की, तिसऱ्या चित्रपटात ही वसुली जशीच्या तशी, किंबहुना अधिक प्रभावीपणे, आली आहे. पित्याच्या आज्ञेने मृत्यूकडे दौडणारा फारामिर, दरबारात एकटाच जेवणारा डेनेथॉर आणि त्याच्यापुढे गाणारा पिप्पिन यांचे आलटून-पालटून केलेले संकलन तिन्ही चित्रपटांतील उत्कृष्ट प्रसंगांत गणावे लागेल. या प्रसंगी फारामिर बदलत नाही, केवळ मोल चुकवतो. अविचल पात्र रंगवण्याची क्षमता या दिग्दर्शकापाशी होती, याचा याहून मोठा पुरावा नको.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, माध्यमांतराच्या अभ्यासात माध्यमाने लादलेला बदल आणि पटकथेच्या रूढीने लादलेला बदल वेगळे करून पाहिले पाहिजेत. सॅमचे विचार फारामिरच्या तोंडी जाणे हा पहिल्या प्रकारचा बदल, आणि फारामिरने फ्रोडोला ऑस्गिलिअथला नेणे हा दुसऱ्या प्रकारचा. दुसरा निष्कर्ष असा की, 'बदलणारे पात्र म्हणजे जिवंत पात्र' हा निकष वास्तववादी कादंबरीच्या परंपरेतून आला आहे. अद्भुतरम्य साहित्याला तो सरसकट लावल्यास त्या साहित्याचा गाभाच दृष्टिआड होतो. हा दोष पटकथाकारांइतकाच समीक्षेचाही आहे, आणि मराठीतील अद्भुतरम्य कादंबरीचे पुनर्मूल्यमापन करताना तो ध्यानात ठेवावा लागेल.

तिसरा निष्कर्ष आशयाशी निगडित आहे. टोल्किन यांच्या कथेत सत्तेचा मोह जवळजवळ सर्वांना ग्रासतो. अखेरच्या क्षणी खुद्द फ्रोडोही मुद्रिका टाकू शकत नाही. त्याची मोहीम सफल होते ती पूर्वी गॉलमवर केलेल्या दयेमुळे. अशा कथेत एक साधा, मर्त्य, युद्धाने थकलेला माणूस हाताशी आलेली सत्ता शांतपणे जाऊ देतो, याला फार मोठा अर्थ आहे. मोह सार्वत्रिक असला तरी अटळ नाही, एवढीच ती ग्वाही आहे. गॅन्डाल्फ किंवा गालाद्रिएल यांच्या नकाराने ती मिळत नाही, कारण ते मर्त्य माणसे नव्हेत. आरागॉर्नच्या नकारानेही ती पुरती मिळत नाही, कारण तो प्राचीन राजवंशाचा वारस आहे. ती फारामिरकडूनच मिळू शकते. चित्रपटातील फारामिर आधी मोहाला वश होतो आणि मग सावरतो. माणूस पडून उठू शकतो, हेही एक सत्य आहे आणि बोरोमिरच्या रूपाने ते त्याच चित्रपटमालेत उत्तम रीतीने आले आहे. पण माणूस न पडताही उभा राहू शकतो, हे त्याहून वेगळे सत्य आहे. टोल्किन यांच्या कादंबरीत दोन भावांच्या रूपाने ही दोन सत्ये शेजारी उभी राहतात. धाकट्या भावाला थोरल्याच्या वाटेवर आणल्यावर दोन व्यक्तिरेखा उरतात, पण दोन सत्ये उरत नाहीत.